अस्सल गिटार कुणी पाहिली होती?

एप्रिल लागला की आमच्या दादाला गिटारींचा ताप चढतो. वय झालं, गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी लोणचं बंद केलंय, पण हा बाबा सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली मांडी ठोकून बसतो, मोबाईलवर गिटारींचे व्हिडिओ बघतो आणि मला नेरूळला फोन लावतो.

“सुमे, ऐक ना. एक चायनाची आहे, एक इंडोनेशियाची. दोन्ही त्याच डिझाइनच्या कॉप्या. तीच दोन शिंगं, तारांखाली आवाज उचलणारे तेच तीन पिकअप, खाली सूर लववायची दांडी. चायनाची दिसायला भारी, पण मान जाड वाटतेय. तुला काय वाटतं?”

“मला वाटतं माझी आमटी उतू चाललीय.”

“अगं दोन मिनटं!”

“तुला घ्यायचीय का एखादी?”

“छे! नुसतं कंपेअर करतोय.”

मी गॅस बारीक करते आणि ऐकत बसते. ऐकून घेणं हा माझा गुण नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नवरा तर म्हणतो, हिच्याशी बोलायचं म्हणजे आधी टोकन घ्यायला पाहिजे. पण दादा गिटारींवर सुटला की मी त्याला तोडत नाही. बोल बाबा, हवं तेवढं बोल. कारण एका वर्षी हाच माणूस दिवाळीपासून एप्रिल उजाडेपर्यंत घरात कुणाशी धड एक वाक्य बोलला नव्हता.

ऐंशीच्या दशकातलं आमचं नेरूळ आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. इमारती तेवढ्या उभ्या होत्या, बाकी सगळं यायचं होतं. झाडं यायची होती, दुकानं यायची होती, रेल्वे तर कागदावरच होती. दोन इमारतींच्या मधे मोकळे प्लॉट, त्यात वाळलेलं गवत आणि कुणीतरी बांधकामाचं टाकून दिलेलं रॅबिट. दुपारी खाडीवरून वारा सुटायचा तो मूठ मूठ माती घेऊनच. भातात माती, अंथरुणात माती, वहीच्या पानांत माती. लांबवर मिठागरांचे ढीग उन्हात असे चमकायचे की बघवत नसे. आणि वारा फिरला की कारखान्यांचा तो उग्र वास. आई पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, “आला गं पाहुणा.”

पण एप्रिल मला आवडायचा. एप्रिल म्हणजे जयंती. आमच्या सेक्टरात बरीच बौद्ध कुटुंबं, कुणी महाडकडची, कुणी खेडची, कुणी थेट नांदेड-परभणीची. चौदा तारखेच्या आधी पंधरा-वीस दिवस सगळ्यांच्या घरांतून एकच वास यायचा, निळीच्या पाण्याचा. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पांढरी पोरांची टोपडी, सगळं बादलीतून निघून गॅलरीत लटकायचं. आईचे हात कोपरापर्यंत निळे. शिलाई मशीनवर झेंडे शिवायचे काम तिचंच. एकीकडे मशीनची खडखड, एकीकडे पोरं मोठ्यानं इतिहास पाठ करताहेत, कारण परीक्षाही तेव्हाच. मैदानातून कुणीतरी सारखं “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” करतंय. कैरी फोडून तिला मीठ लावायचं आणि गॅलरीत उभं राहून हे सगळं बघत चोखायची. अजूनही कैरी तोंडात घेतली की माझ्या कानात आधी तो माइक वाजतो.

त्या वर्षी मात्र आई झेंडे शिवत होती आणि मशीन मधेच थांबवत होती. थांबवायची, मान वळवायची, गॅलरीत बसलेल्या दादाकडे बघायची आणि पुन्हा पाय चालवायची.

दादा, म्हणजे अशोक, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तळोज्याच्या एका कारखान्यात लागला होता. दिवाळीच्या तोंडावर कारखान्याला टाळं लागलं. तसं ते बऱ्याच ठिकाणी लागत होतं, कामगार दुसरीकडे चिकटतही होते. पण दादाला काय झालं कुणास ठाऊक. सुरुवातीला रोज गेटवर जाऊन यायचा. मग ते बंद झालं. मग दाढी बंद झाली. मग बोलणं. विचारलं तर मान हलवायची, ताट समोर ठेवलं तर जेवायचं, आणि उरलेला दिवस गॅलरीत लोखंडी खुर्चीवर बसून खाडीकडे बघायचं. बाबा आमचे शांत माणूस, बंदरात कारकून. संध्याकाळी यायचे, बूट काढता काढता डोळ्यांनीच आईला विचारायचे आणि आई डोळ्यांनीच सांगायची की नाही, काही नाही.

तो फिरायला निघाला की आई मला हळूच ढकलायची. “जा गं त्याच्याबरोबर. खाडीकडं नको जाऊ देऊस.” पुढचं ती कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.  रात्री त्याचा पलंग करकरला की तिघंही जागे.

अशात एक दिवस विलास उगवला. विलास सानपाडा गावचा, आगरी. दादाबरोबर त्याच कारखान्यात होता, पण पठ्ठ्या रडत बसला नाही. गावात त्याच्या चुलत्याची बँजो पार्टी होती, हा त्यात घुसला. लग्नसराईत रोज हळदी, रोज वरात. तर हा विलास भर दुपारी जिना चढून आला, घामानं निथळत, आणि त्याच्या अंगावर एक नाही, दोन नाही, तीन इलेक्ट्रिक गिटारी. एक पाठीवर, दोन हातांत.

“काय रे हे? दुकान फोडलंस काय?” मी म्हटलं.

“आगं बय, आधी पानी दे.” पाणी पिऊन तो सरळ गॅलरीत गेला आणि तिन्ही गिटारी दादाच्या पायाशी मांडल्या. “आशोक, मना यातली एक घ्याची हाय पार्टीला. तिनी लोकांकरशी आनल्यान, बघून परत द्याच्या. मना त्यातला काय कलत नाय. तुना लहानपनी बँजो वाजवलास ना, तुझा कान हाय. कंची घेऊ ता सांग.”

दादानं मान हलवली. म्हणजे नाही.

“नाय तं नाय. मी आठ दिवसांनी येतो,” असं म्हणून विलास गेला. गिटारी तिथंच. आता वाटतं, त्याला खरंच गिटार घ्यायची होती की नाही, कोण जाणे. आगरी माणूस, मनातलं कधी सरळ सांगेल तर शपथ.

तिन्ही एकाच वळणाच्या. ती जगप्रसिद्ध दोन शिंगांची गिटार असते ना, मानेच्या दोन्ही बाजूंना कापलेली, कमरेत बारीक, तिच्याच या स्वस्तातल्या बहिणी. एक लाल, एक पांढरी, एक काळी. लाल कलकत्त्याकडून आलेली, तिच्या डोक्यावर परदेशी कंपनीच्या नावासारखं दिसेल असं काहीतरी तिरप्या अक्षरांत लिहिलेलं, पण वाचायला गेलं तर भलतंच. पांढरी कुर्ल्याच्या कुठल्याशा सुतारानं केलेली. आणि काळी कुठली ते कुणालाच माहीत नव्हतं. तीन-चार हातांतून फिरून आली होती आणि वजनाला आमच्या पाट्यावरवंट्याएवढी.

त्या पडून राहिल्या. आई झाडू मारताना उचलून बाजूला ठेवायची आणि पुटपुटायची, “बसायला जागा नाही आणि या तीन सवती.” आणि एका दुपारी, मी आत अभ्यास करत होते, गॅलरीतून टणकन आवाज आला. एक तार. मग दुसरी. मशीन थांबलं. आई आणि मी एकमेकींकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं दादा आत आला. पांढरी गिटार हातात.

“हिची मान वाकलीय,” तो म्हणाला.

बस, एवढंच. दिवाळीनंतर दादा बोललेलं पहिलं पुरं वाक्य ते. मी म्हटलं, “बघू.”  आई लगबगीनं स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

मी तेव्हा आयटीआयला होते, रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या ट्रेडला. मुली कमीच असायच्या, पण बाबांनी हट्टानं घातलं होतं. त्यामुळे घरात सोल्डरिंग आयर्न होतं, टेस्टर होता. आणि बाबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, ज्याला पाठीमागे रेकॉर्ड प्लेयर जोडायला भोकं असतात. ॲम्प्लिफायर कुणाकडे होता तेव्हा? गिटारीची वायर त्या भोकांत खुपसायची, रेडिओ गरम होईपर्यंत थांबायचं, समोरचा तो हिरव्या दिव्याचा डोळा हळूहळू उघडला की वाजवायचं. बाबांचा जीव त्या रेडिओत. पण त्या संध्याकाळी ते घरी आले, रेडिओच्या पोटातून गिटारीचा आवाज येतोय, दादा आणि मी जमिनीवर पालथे पडून भांडतोय, हे बघून त्यांनी बूट काढले आणि खालून गरम भजी घेऊन आले. भजी खाताना बातम्या बुडाल्या, तर त्याचीही तक्रार नाही.

मग सुरू झालं आमचं कंपेअर करणं. कैरी, मीठ आणि तीन गिटारी. पांढरीची मान वाकलेली, त्यामुळे वरच्या बाजूला सूर बरा आणि खाली उतरलं की सगळा बट्ट्याबोळ. तारा पट्टीपासून इतक्या वर, की खालून मुंगी छत्री उघडून जाईल. बोटं सोलून निघायची. काळीचं लाकूड उत्तम, आवाज गोड, पण आतून सतत भुंग्यासारखी गुणगुण. आणि खुंट्या अशा सैल, की गाणं सुरू होताना ती एका सुरात आणि संपताना दुसऱ्याच. लालचं लाकूड म्हणजे निव्वळ प्लायवूड, मी मागची पट्टी उघडून पाहिलं, थरावर थर. तिची दांडी दाबली की सगळ्या तारा रुसायच्या. पण तिच्यात एक गंमत होती. तारांना हात लावला की गुणगुण बंद.

“ही कशी काय गप्प होते?” दादानं विचारलं.

“हिच्या तारा आतून वायरीला जोडल्यात. तू हात लावलास की तूही त्या वायरीचाच एक तुकडा होतोस.”

“मी?”

“हो मग, तूच. रेडिओ, वायर, गिटार, तू. सगळं एक.”

त्याला ते फार आवडलं. हात लावायचा, काढायचा, लावायचा, काढायचा आणि हसायचा. दाढीच्या जंगलातून ते हसू बाहेर आलेलं बघून आई दारातच थबकली.

आठ दिवसांनी विलास आला. दादानं लाल उचलली. “ही घे.”

“आरं पन प्लायवूड बोलतंस ना?”

“खोट हिच्यातही आहे. पण हिची खोट रोज तीच असते. त्या दोघी रोज नवीन खोड काढतात.”

मी या वाक्यावर आयुष्यभर विचार करत आलेय. नवरा निवडतानाही केला होता.

आमच्यापैकी अस्सल गिटार कुणीच पाहिलेली नव्हती, ही त्यातली मजा. दादानं नाही, विलासनं नाही, बहुधा कलकत्त्याच्या कारागिरानंही नाही. कुठल्यातरी कॅसेटच्या कव्हरवरचा फोटो बघून कुणीतरी एक केली, ती बघून दुसऱ्यानं केली. मग हिला नकली म्हणायचं ते कशाच्या जोरावर? आमचं शहर तरी काय, नावातच ‘नवी’ लावलेली दुसरी आवृत्ती. आणि आमच्या भिंतीवरचा तो निळ्या कोटातला, चष्म्यातला फोटो? तो तर घरोघरी तोच, छापखान्यातून निघालेला, फ्रेमवाल्यानं ठोकलेला. त्याच्यापुढे हात जोडताना कुणाच्या मनात येतं का की ही कॉपी आहे? आईला तर त्या फोटोनं उभं राहायला शिकवलं. काही गोष्टींची नक्कल काढावी तेवढी थोडीच.

विलासनं लाल गिटार घेतली खरी, पण म्हणाला, “जयंतीपरेंत तुझ्याकरंच ठेव.” आणि जिन्यात आवाज ऐकून एक दिवस गुरुजी वर आले. जाधव गुरुजी आमच्या सेक्टरातले ज्येष्ठ, शाळेतून निवृत्त झालेले. जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवून गाणारे तेच, वंदना सांगणारे तेच, आणि कुणी मंचावर पाय पसरून बसलं तर खेकसणारेही तेच.

“अशोक, चौदा तारखेला आमच्यामागे वाजवशील का?”

दादानं मान खाडीकडे वळवली. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा कुलूप लागलं. आईनं तर चहाचा कप हातातच धरून ठेवला.

“बघतो,” दादा म्हणाला.

गुरुजी गेल्यावर आई म्हणाली, “‘बघतो’ म्हणजे हो ना गं?” रात्री झोपताना पुन्हा तेच. सकाळी उठल्यावर पुन्हा. शेवटी मी वैतागून म्हटलं, “हो गं बाई, हो!” त्या दिवशी दादानं दाढी केली. गालांना कितीतरी दिवसांनी ऊन लागलेलं, चेहरा कसा सोललेल्या बटाट्यासारखा दिसत होता. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यानं ब्रशचा फेस माझ्या नाकाला लावला.

आता जयंतीला आमच्याकडे माइकला वायर नसते. पोरं हातात माइक घेऊन गर्दीत उतरतात, स्टेजवर वादकांची अख्खी फळी, खाली रबरी मॅट, आणि पाण्याच्या बाटलीलाही तिथं यायला परवानगी नाही. मी दर वर्षी सगळ्यांच्या आधी जाते आणि स्टेजच्या मागे फिरून अर्थिंगची वायर बघून येते. पोरं हसतात. “मावशी, टेन्शन घेऊ नका, सगळं ओके आहे.” मी म्हणते, हसा रे बाबांनो, हसा. ती जाड हिरवी वायर जमिनीत गेलेली दिसली की मला जे बरं वाटतं ते त्यांना कसं कळणार? कुणी सोन्याची माळ बघूनही इतकं खूश होत नसेल.

तेव्हा आमचा मंच म्हणजे मातीचा ओटा. कडेनं विटा लावायच्या, आत भराव घालायचा, धोपटायचा. मैदानात धूळ इतकी, की पाहुणे खोकत बसतील, म्हणून मंडळानं दुपारी टँकर मागवला आणि सगळीकडे पाणी मारलं. मैदानावर आणि ओट्यावरही. माती कशी काळीभोर, थंडगार झाली. तिच्यावर सतरंज्या. मागे टेबल, त्यावर पांढरं कापड, बुद्धाची मूर्ती, फोटो, हार, मेणबत्त्या. आणि मूर्ती-फोटो असलेल्या जागी चपला घालून कोण जाईल? सगळ्यांच्या चपला खाली, एकीवर एक. दादाही अनवाणी चढला. पांढरा सदरा, आईनं निळीत घालून काढलेला, कडक इस्त्रीचा. लाल गिटार त्याच्यावर अशी उठून दिसत होती की माझी मैत्रीण म्हणाली, “हा तुझाच भाऊ ना गं?”

घरी आम्ही तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या लादीवर, खाली चटई टाकून वाजवलेलं. तिथं काय होणार होतं? कुणाच्या मनातही आलं नाही. विलासनं पार्टीचा ॲम्प्लिफायर आणला होता, दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नसलेला, कुणीतरी घरी जुळवलेला. दिवेलागणीची वेळ. वंदना झाली. गुरुजींनी पेटीवर बोटं ठेवली, ढोलकी कडाडली आणि पहिल्या गाण्यात मधल्या जागी दादाची गिटार आली. बाई गं! त्या प्लायवुडातून काय आवाज आला! माणसं माना वळवून बघायला लागली. बाबा मागे उभे होते, ते दोन पावलं पुढे आले. दादा मधेच बोटं झटकत होता, मला वाटलं घाबरलाय. त्यालाही तसंच वाटलं होतं, हे त्यानं नंतर सांगितलं. हाताला मुंग्या येत होत्या, तर म्हटलं भीतीनं येत असतील.

दुसऱ्या गाण्याला धृपदात साथ द्यायला तो माइकशी वाकला. डावा हात तारांवर, ओठ माइकला.

आणि तो ताठ झाला. आवाज नाही, काही नाही, नुसता ताठ. डोळे उघडे. भोंग्यातून घुर्रर्र असा आवाज आला. गाणारे गातच होते. मी किंचाळले की काय ते मला आठवत नाही, पण विलासनं झेप घेऊन पिनेची वायर खसकन ओढली आणि दादा गिटारीसकट मागे सतरंजीवर कोसळला.

आईचा आवाज त्या मैदानात घुमला. “अशोक!”

मी ओट्यावर कशी पोचले ते मला माहीत नाही. गुरुजी त्याचे तळपाय चोळत होते. कुणी पाणी आणलं, मी ओरडले, “पाणी नको, पाणी लांब ठेवा!” दादानं डोळे उघडले. ओठ पांढरेफटक, पण श्वास चालू. छातीवर हात ठेवला तर आत धडधड धडधड. इतकं बरं वाटलं, की मी त्याच्या दंडावर एक चापटच मारली. मग तो उठून बसला. “काय झालं? बरं वाटतंय ना? बोल की रे!” सगळे विचारत होते.

दादा गुडघ्यांभोवती हात घालून लांब, खाडीच्या बाजूला बघत बसला. तोच चेहरा, गॅलरीतला, लोखंडी खुर्चीवरचा. मी आईकडे बघितलं. तिनंही तेच पाहिलं होतं. शॉकमधून पोरगा वाचला आणि आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा आत आत चालला होता.

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. मी विलासला म्हटलं, “पिन लाव. माइकला कुणी हात लावू नका.” टेस्टर माझ्या पर्समध्येच असायचा. तारांना लावला, पेटला. पिन काढली, उलटी करून लावली, पुन्हा टेस्टर. विझला. पिन उलटी लागली होती, म्हणून करंट ॲम्प्लिफायरमधून थेट तारांत उतरत होता. “आता ठीक आहे,” मी म्हटलं. “माइकला रुमाल बांधा. पण ओल्या मातीवर अनवाणी उभं राहायचं नाही. रबरी चपला घालूनच वाजवायचं.”

“मंचावर चपला?” गुरुजी म्हणाले. आवाज दुष्ट नव्हता, खरंच गोंधळलेला होता. “अगं, मूर्ती आहे, फोटो आहेत. आजपर्यंत कधी… नको, आजच्या दिवस गिटार राहू दे. पेटीवर भागवू.”

खाली कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बरोबर आहे. कुणी म्हणालं, पोराला घरी न्या. दादा उठायला लागला, घरी जायला.

तेवढ्यात आई ओट्यावर आली. अनवाणीच. दोन्ही हातांत स्वतःच्या रबरी चपला. सगळ्यांसमोर, पांढऱ्या साडीत, हातात चपला घेऊन ती फोटोसमोर उभी राहिली, मान वाकवली आणि वळली.

“गुरुजी, या फोटोतल्या माणसानं आम्हाला शिका म्हणून सांगितलं. माझी पोरगी शिकली. ती सांगतेय रबर घाला. मग ऐकायचं कुणाचं?” तिनं दादाकडे बोट दाखवलं. “माझा पोरगा आत्ता गेला असता, तर मी उद्या यांना हार घालायला कुठल्या तोंडानं आले असते?”

ती खाली बसली आणि चपला दादाच्या पायांपुढे ठेवल्या. निळ्या पट्ट्यांच्या, टाचा झिजलेल्या.

“घाल बाळा.”

 दादा त्या चपलांकडे बघत राहिला. त्यानं अंगठा एका पट्ट्यात घातला, टाच निम्मी बाहेर. मग वर बघितलं.

“लहान होतात गं, आई.”

आधी विलास फुटला. मग ढोलकीवाला. मग पुढच्या बायका, आणि मग अख्खं मैदान खो खो हसायला लागलं. दादाही. आई तोंडात पदर कोंबून रडत होती की हसत होती, कुणास ठाऊक. गुरुजी हसले नाहीत. ते ओट्यावरून उतरले, चपलांच्या ढिगाऱ्यात वाकून शोधाशोध केली, आपल्या मोठ्या रबरी चपला घेऊन वर आले, सदऱ्याच्या टोकानं त्यांची माती पुसली आणि स्वतःच्या हातानं दादाच्या पायांपुढे ठेवल्या.

“या बसतील,” ते म्हणाले. “चला, धृपदापासून घेऊ.”

दादा उभा राहिला. माइकला बाबांचा रुमाल होता. बोटं आधी चाचरली, मग सापडली, आणि ती प्लायवुडाची लाल गिटार वाजायला लागली. लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले. बाबा उघडपणे डोळे पुसत होते. मी आईला कोपरानं ढोसलं. ती पहिल्या ओळीत बसली होती, नजर खाली ठेवून, एकटक ओट्याकडे बघत.

“आई, अगं वर बघ की. कसला वाजवतोय!”

“वाजवू दे त्याला,” आई म्हणाली. “पाय चपलेतून बाहेर तर येत नाहीत ना, तेवढं मी बघते.”